नानांची चिल्लर

अमेरिकेत तीस वर्षं राहिलेला माणूस आणि अमेरिकेत सहा महिने राहून आलेला माणूस, या दोघांत अमेरिकेची जास्त माहिती कोणाला असते हे तुम्हाला सांगायला नको. तीस वर्षंवाला डिसेंबरात येतो, पहिल्याच दिवशी मिसळ चापतो, दुसऱ्या दिवसापासून ताकभातावर राहतो आणि तिसऱ्या आठवड्यात गुपचूप विमानात बसतो. सहा महिनेवाला कुठेही जात नाही. तो आपल्याच जिन्यात, आपल्याच लिफ्टमध्ये, आपल्याच सकाळच्या फेरीत उरलेलं आयुष्य काढतो आणि त्याचे ते सहा महिने काही केल्या संपत नाहीत.

आमचे नाना या दुसऱ्या जातीचे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, जाऊन आले. अशा मंडळींचा एकेक विषय ठरलेला असतो. कोणी तिथल्या रस्त्यांवर बोलतो, कोणी रांगेवर, कोणी हॉर्न न वाजवण्यावर. आमच्या बी विंगमधले एक गृहस्थ फक्त दुधाच्या कॅनवर बोलतात. हे सगळं आपण ऐकून घेतो. पण नानांनी तिकडून जे आणलं ते त्यांच्याआधी नाशकात कोणी आणलं नसावं. नानांनी चिल्लर आणली.

म्हणजे झालं असं की लहान आणि वाटोळं काहीही दिसलं की अमेरिकन माणूस त्याला नाणं लावतो. अंगावरचा डाग असो, सदऱ्याला पडलेलं भोक असो, तळहातावर ओतायचा शांपू असो, चहात टाकायचा आल्याचा काप असो. हे डाइमएवढं, ते निकेलएवढं, पलीकडचं क्वार्टरएवढं. बाटलीवरच्या सूचनांत तेच, पाककृतीत तेच, डॉक्टरांच्या कागदात तेच. तिथे प्रत्येकाच्या खिशात ती नाणी खुळखुळत असतात, तेव्हा त्यांचं बरोबरच आहे. नाना तिथून निघाले तेव्हा ही पद्धत त्यांच्याबरोबर निघाली आणि इथे उतरल्यावर तिला कळेचना की आता कोणाच्या खिशात शिरायचं.

पहिला प्रसंग भाजीवालीचा. नानांना दमआलूसाठी छोटे बटाटे हवे होते. नाना म्हणाले, “क्वार्टर साइझचे दे.” तिनं चटकन पाव किलो तोलले. नाना म्हणाले, “अगं, वजन नाही, साइझ. क्वार्टर.” ती म्हणाली, “पाव किलोच हायेत काका, काटा बघा.” मागे रांग लागलेली. शेवटी नानांनी खिशातून औषधाची एक केशरी पारदर्शक बाटली काढली. अमेरिकेत औषधांच्या गोळ्या या असल्या बाटलीत देतात. गोळ्या संपल्या, बाटली राहिली. तिच्यात चार नाणी. त्यातलं एक काढून नानांनी बटाट्याला लावून दाखवलं. भाजीवालीनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत देत म्हणाली, “हे न्हाई चालत इथं. फोनपे करा.”

क्वार्टरवरचा तो दुसरा विनोद सोसायटीतल्या सगळ्यांनी करून झालेला आहे. कोजागरीला तर तीन वेळा झाला. मी करणार नाही.

त्या बाटलीचं मात्र सांगितलं पाहिजे. तिच्यात पेनी, निकेल, डाइम आणि क्वार्टर अशी चार भावंडं नांदतात. नानांना त्यांची मापं मिलिमीटरला दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ आहेत: डाइम १७.९१, पेनी १९.०५, निकेल २१.२१, क्वार्टर २४.२६. आयुष्यभर मोजमाप पुस्तकं भरली, ठेकेदारांनी दाखवलेल्या काँक्रीटमधून इंच इंच कापला, त्या हाताला ही शिस्त सुटणार कशी? तरीपण हा माणूस तुम्हाला एखाद्या वस्तूचं माप मिलिमीटरमध्ये सांगणार नाही. आधी म्हणणार डाइम. तुम्ही गोंधळलात की म्हणणार, “म्हणजे बघा, आपलं जुनं दहा पैशाचं नाणं होतं ना, पाकळ्यांचं नव्हे, नंतरचं स्टीलचं गोल, त्याच्याहून दोनेक मिलिमीटर मोठं.” ते दहा पैशाचं नाणं ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पाहिलेलं नसतं आणि ज्यांनी पाहिलंय ते आता विसराळू झालेत. एक न दिसलेलं नाणं समजावण्यासाठी दुसरं न दिसणारं नाणं.

आणि त्यांना डाइमचा इतका लळा का, तर त्याच्यात एक न्याय उलटा बसवलाय म्हणून. डाइम दहा सेंटांचं. निकेल पाच सेंटांचं. पण निकेल मोठं आणि डाइम लहान. एवढंच नव्हे, डाइमवर दहा हा आकडाच नाही, नुसतं ‘वन डाइम’ असं लिहिलेलं. परका माणूस तिथे गेला की पहिल्या दुकानात फसतो. नाना फसले होते. त्यामागचं कारण त्यांनी शोधून काढलं: डाइम एके काळी चांदीचं होतं, आणि चांदी जेवढ्या किमतीची तेवढंच नाणं. निकेल आलं १८६६ साली, तांबं आणि निकेल मिसळून, हलक्या धातूचं, म्हणून अंगानं मोठं. आता डाइममध्ये चांदीचा कण नाही, पण आकार तोच राहिला. हे कारण नानांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, वाढदिवसाच्या जेवणात सांगितलं, एका तेराव्याला सांगितलं. प्रत्येक वेळी शेवटी तेच वाक्य: “बघा लेखकसाहेब, किंमत जास्त, पण अंग चोरून.” आणि असं म्हणताना ते स्वतः किंचित आखडून उभे राहतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

नानींचा या चिल्लरीला पहिल्यापासून विरोध. चहाला आलं किसावं की ठेचावं यावर घराघरांत मतभेद असतात. या घरात वाद असा की काप डाइम असावा की क्वार्टर. नानी म्हणतात, “अहो, तुम्हाला चहा प्यायचाय की बँकेत भरायचाय?” एकदा त्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. नानांनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं आणि म्हणाले, “ही पेनीहून लहान. पूर्वी तू निकेल लावायचीस.” नानी ताडकन म्हणाल्या, “मी काही लावायची नाही. माझी आई लावायची. बंद्या रुपयाएवढं.”

इथे नाना जरा अडले. बंद्या रुपयाला नानांच्या बाटलीत उत्तर नव्हतं. राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया साडेतीस मिलिमीटरचा, एक तोळ्याचा. मेणावर रेखलेलं तेवढं कुंकू कपाळावर असलं की बाई दारातून आत येण्याआधी ते आत येई. पुढे रुपया लहान होत गेला. नव्वदच्या दशकातला स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ नंतरचा बावीसच्याही आत आला आणि २०१९च्या मालिकेतला तर २० मिलिमीटरवर. ‘रुपयाएवढं कुंकू’ असं आज कोणी म्हटलं तर ते पूर्वीच्या तुलनेत क्षेत्रफळानं निम्म्याहूनही कमी भरेल. चाराण्याचं नाणं तर ३० जून २०११ला सरकारनं बंदच केलं. तेही १९ मिलिमीटरचं, म्हणजे नानांच्या पेनीच्या बरोबरीचं. मी एकदा नानांना म्हटलं, नाना, तुमची पेनी म्हणजे आमचा चाराणा आणि तुमचं क्वार्टर म्हणजे आमचा स्टीलचा रुपया, मग सरळ चाराण्याएवढं, रुपयाएवढं म्हणा की. नाना म्हणाले, “तुमचा चाराणा कुठाय? दाखवा.”

मी दाखवू शकलो नाही. कोणाच्याच घरात नव्हता. शेजारच्या इंजिनियरिंगच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “काका, चाराणे म्हणजे किती आणे?”

तेव्हा तुम्हाला वाटेल की नानांच्या चिल्लरीला मी शरण गेलो. मुळीच नाही. त्यांचा छळ चालूच होता. पार्किंगमध्ये वॉचमननं एका दुपारी आरडाओरडा केला की कोणीतरी गाड्यांच्या टायरमधली हवा सोडतंय. जाऊन बघतो तो नाना उकिडवे बसलेले आणि माझ्या गाडीच्या टायरच्या खाचेत पेनी उभी खुपसलेली. तिकडे म्हणे पेनी उलटी धरून टायरच्या खाचेत घालतात. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं की टायर झिजला, खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली. “तुमच्या टायरमध्ये लिंकन केसांसकट दिसतोय,” असं नानांनी चारचौघांत जाहीर केलं. मला टायर बदलावे लागले. टायरवाल्यानं नाणं न लावता नुसत्या अंगठ्यानं पाहिलं आणि तेच सांगितलं, पण ते नाना ऐकत नव्हते.

त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच गाडीतून नेलं होतं. पाठीवर डाग. डॉक्टर तरुण मुलगी, नुकतीच शिकून आलेली. नानांनी सांगितलं, “आधी डाइमच्या आत होता, आता निकेलकडे चाललाय.” मुलीनं शांतपणे पट्टी काढली, मोजलं, लिहिलं आणि म्हणाली, “काका, बुरशी आहे. मलम देते.” नानांचा चेहरा पडला. बुरशीला डाइम लावल्याबद्दल नाण्याचा अपमान झाला असावा. बाहेर येताना त्यांनी मला समजावलं की वाईट डागाची खूण सहा मिलिमीटरची असते आणि त्यासाठी तिकडे नाणं नव्हे, पेन्सिलच्या मागचं खोडरबर लावतात. आता त्यांच्या खिशात एक पेन्सिलही असते.

एका बाबतीत मात्र या चिल्लरीनं सोसायटीचं भलं केलं आणि त्याबद्दल नानांचे आभार कोणीही मानलेले नाहीत. गणपतीच्या प्रसादाचे पेढे. दरवर्षी एकाच दुकानातून येतात, भाव दरवर्षी वाढतो, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. त्या वर्षी भाव तोच राहिला आणि सगळे खूश झाले. नानांनी एक पेढा उचलला, बाटली काढली आणि भर आरतीत म्हणाले, “गेल्या वर्षी हाफ डॉलर होता. यंदा निकेल.” हाफ डॉलर त्यांच्याकडे नव्हताच, पण माप ठाऊक होतं, ३०.६१. मंडळाच्या खजिनदारांनी “नाना, प्रसादाला असं म्हणू नये” असं म्हणून त्यांना गप्प केलं. पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी हळूच गेल्या वर्षीचा फोटो काढला, ताटात पेढे आणि शेजारी आरतीतला सुटा रुपया. नाना बरोबर होते. दुकानदारानं सांगितलं, “साहेब, पेढा नाही हो लहान केला, डब्यात नग वाढवले.” हा हिशोब अजून कोणाला उलगडलेला नाही.

आता हे सगळं नानांना कुठून लागलं? हा प्रश्न मी नानींना विचारला, कारण नानांना विचारण्यात डाइमच्या चांदीचा धोका होता. नानी म्हणाल्या, “सकाळी आठला मुलगा जायचा, सून जायची, नातू शाळेत. संध्याकाळी सहापर्यंत घरात आम्ही दोघं आणि टीव्ही. बाहेर चालत जावं तर चालायला माणूस दिसत नाही, गाड्याच गाड्या. मी पोळ्या करून फ्रीजरमध्ये भरायचे. हे हवामान बघायचे.” नातू दुसरीत. तिथे दुसरीत नाण्यांचा हिशोब शिकवतात. संध्याकाळी तो गृहपाठ घेऊन आजोबांजवळ बसे आणि डाइम किती, निकेल किती, हे तोच आजोबांना शिकवी. आजोबांचं उत्तर चुकलं की तो हसे. नाना मुद्दाम चुकत असत, असं नानींचं म्हणणं. त्या चार नाण्यांतली दोन त्यानंच दिलेली आहेत. आता तो मोठा झाला, व्हिडिओ कॉलवर “हाय आजोबा” एवढं म्हणून बाजूला होतो. २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेनं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत शेवटची पेनी पाडली, कारण एक सेंटाचं नाणं पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च यायला लागला होता. ही बातमी नानांनी नातवाला फोन करून सांगितली. नातू म्हणाला, “कॅश कोण वापरतं, आजोबा?” भाजीवालीच्या वाक्यात आणि या वाक्यात मला फारसा फरक दिसत नाही.

हवामानाचं वेड मात्र गृहपाठाहून खोल गेलं. तिथला गारांचा तक्ता नानांना तोंडपाठ आहे: वाटाणा, गोटी, पेनी, निकेल, क्वार्टर, हाफ डॉलर, पिंगपाँगचा चेंडू, गोल्फचा चेंडू, कोंबडीचं अंडं, टेनिसचा चेंडू आणि पुढे थेट द्राक्षफळ म्हणजे ग्रेपफ्रूटपर्यंत. तिथली राष्ट्रीय हवामान सेवा वादळाला ‘तीव्र’ म्हणायची ती पूर्वी पाऊण इंची गारेला, म्हणजे पेनीला. २०१० सालापासून ती मर्यादा एक इंचावर, म्हणजे क्वार्टरवर नेली. पेनीएवढ्या गारेनं फारसं नुकसान होत नाही असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी जुलैत साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी आठ इंच व्यासाची गार पडली, वजन ८८० ग्रॅमच्या आसपास. हे नाना असं सांगतात की गार त्यांनीच झेलली. मी त्यांना एकदा ऐकवलं की १८८८ साली आपल्या मुरादाबादेजवळ गारांनी २४६ माणसं मेली आणि जागतिक हवामान संघटनेकडे तो आजवरचा विक्रम म्हणून नोंदलेला आहे. त्या गारा हंसाच्या अंड्यांएवढ्या, संत्र्यांएवढ्या, क्रिकेटच्या चेंडूंएवढ्या होत्या म्हणतात. नाना क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “क्रिकेटचा चेंडू तक्त्यात नाही.”

नानांचा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. वडिलोपार्जित जमीन, नाना शिकून नोकरीला लागले, हा मागे राहिला. भावाभावांत प्रेम आहे, पण त्या प्रेमाला एक धार आहे. भाऊ नानांना दादा म्हणतो आणि दादाच्या अमेरिकेला ‘तुमची ती’ म्हणतो. जानेवारीत नाना मला घेऊन बागेत गेले. म्हणजे माझी गाडी घेऊन गेले. घडांना कागद लावायचं काम चाललेलं, बायका वेलीखालून वाकून हिंडत होत्या, मणी भरत आले होते. नानांनी एक मणी चिमटीत धरला, बाटली काढली, आणि मी मनात म्हटलं, आता संपलं.

“डाइम,” नाना म्हणाले.

भाऊ म्हणाला, “काय?”

नानांनी समजावलं. चांदीसकट. भावानं सगळं ऐकून घेतलं, कारण शेतकऱ्याला ऐकून घ्यायची सवय असते, कृषी खात्याचे लोक येतच असतात. मग त्यानं विचारलं, “किती एमेमचं आहे ते?” नाना म्हणाले, “१७.९१.” भावाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. कारण निफाडात द्राक्षाचा मणी मिलिमीटरवरच मोजतात. युरोपसाठी माल घेणारा व्यापारी बागेत आला की भोकं पाडलेली पट्टी काढतो, सोळा, अठरा, आणि अठराच्या भोकातून मणी खाली पडला नाही तरच भाव बोलतो. भावानं ते नाणं नानांच्या हातातून घेतलं, दोनचार मण्यांना टेकवून पाहिलं, आणि म्हणाला, “म्हंजे अठराला नऊ पॉइंट कमी. दादा, तुमचं हे नाणं एक्स्पोर्टला पास होत न्हाई. लोकलला काढावं लागंल.”

नाना इतके हसले की त्यांना वेलीचा खांब धरावा लागला. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. निघताना भाऊ नाणं परत देत होता, तर नाना म्हणाले, “राहू दे. पट्टी विसरलास तर उपयोगी पडेल.” परतीच्या वाटेवर ते चिल्लरीबद्दल काहीच बोलले नाहीत. ओझरच्या पुढे आल्यावर एकदा बाटली हलवून बघितली, तीनच नाणी वाजली, आणि खिशात ठेवून दिली.

मार्चात गारपीट झाली. वेळ संध्याकाळची, पंधरावीस मिनिटं. द्राक्षवाल्याचं वर्ष तेवढ्यात होत्याचं नव्हतं होतं. आधी वर्षभर दोन छाटण्या, डझनावारी फवारण्या, कर्ज, आणि मग पंधरावीस मिनिटं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चात साऱ्या महाराष्ट्रानं हे पाहिलं, त्यानंतरही निफाडनं पुन्हा पुन्हा पाहिलंय. नानांना भावाचा फोन आला तेव्हा आम्ही खाली बाकावर बसलो होतो. नानांनी फोन घेतला आणि मी जीव मुठीत धरून वाट पाहत राहिलो, की हा माणूस आता भावाला गारेची साइझ विचारणार. त्यांनी विचारली नाही. “घरात सगळे बरे आहेत ना?” एवढंच विचारलं. पण फोन ठेवल्यावर भावानं स्वतःच एक फोटो पाठवला. पत्र्याच्या पाटीत एक गार, चांगली लिंबाएवढी, आणि शेजारी आमचं ते डाइम. अमेरिकेत गारपीट झाली की लोकांना सांगतात, गारेशेजारी नाणं ठेवून फोटो काढा, गार वितळते. हे नानांनी भावाला कधीतरी सांगितलं असणार. बाग झोडपली जात असताना भाऊ घरात गेला, नाणं शोधून आणलं आणि फोटो काढला. दादाला बरं वाटेल म्हणून असं म्हणायला मी तयार नाही. नानींचं मत तसं आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माझी गाडी. बागेत कागदाच्या चिंध्या, खाली मणी फुटून रस झालेला, त्याला आंबूस वास सुटायला लागलेला, वेलीच्या काड्यांवर जखमा. विमा कंपनीला ७२ तासांत कळवायचं म्हणून पुतण्या फोनला चिकटलेला, पलीकडे संगीत वाजत होतं. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघं आले. त्यांचीही दशा काही वेगळी नव्हती. एकेकाच्या वाट्याला किती गावं आली होती त्यांचं त्यांनाच ठाऊक. तलाठी बांधावर बसून लिहायला लागला. गट नंबर, क्षेत्र, पिकाचं नाव, नुकसान टक्के. तेहेतीसच्या वर गेलं तर मदत, खाली राहिलं तर नाही. इथे शंभर होतं, त्यात वादाला जागा नव्हती. वाद निघाला तो नानांमुळे. भावाच्या फोनवरचा फोटो त्यांनी तलाठ्यापुढे धरला.

“हे जोडा पुरावा म्हणून. डाइमच्या अडीचपट आहे गार. म्हणजे पावणेदोन इंच. तिकडे एका इंचाला तीव्र म्हणतात.”

तलाठ्यानं फोटो मोठा करून पाहिला. “हे नाणं कुठलं?”

आणि मला जे होईल असं वाटत होतं ते झालं. नाना उत्तर द्यायला लागले. डाइम, निकेल, १८६६. मागे बांधावर इतर शेतकरी उभे होते, त्यांच्याही बागा गेल्या होत्या, पंचनाम्याच्या रांगेत. ते सगळे, का कोण जाणे, ऐकायला लागले. एक म्हातारा म्हणाला, “दहाचं पाचापेक्षा बारकं? आपल्यासारखंच दिसतंय मग सरकार.” कृषी सहायक हसला. मला नानांचा सदरा धरून ओढावंसं वाटत होतं आणि मी ओढला नाही.

तलाठी म्हणाला, “काका, सगळं खरं. पण गारेची साइझ लिहायला फॉर्मात रकानाच नाही.”

“शेऱ्यात लिहा,” नानांचा भाऊ म्हणाला. इतका वेळ तो गप्प होता. “मागल्या टायमाला लिंबाएवढी लिहिली. त्याच्या आधी बोराएवढी लिहिली. काय मिळालं? आता डाइम लिहा.”

तलाठ्यानं त्याच्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग पेनचं टोपण काढून शेऱ्याच्या रकान्यावर हात ठेवत विचारलं, “डाइममधला इ ऱ्हस्व का दीर्घ?”